दहा दाहे शंभर: एकाच वजनाचे दहा सेट कसे पेलायचे?

लोखंडाचे_चणे | सोमवार, रात्री ९.१०

जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग, म्हणजे एकच व्यायाम, एकच वजन, दहा रेपचे दहा सेट (रेप म्हणजे एक पूर्ण उचल, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेपचा गट). पायांच्या दिवसापासून सुरुवात करायची आहे. हिशेबासाठी आकडे: शरीराचं वजन ७२ किलो, स्क्वॉट (पाठीवर रॉड घेऊन बसणं-उठणं) एका रेपचा कमाल १०० किलो, ६० किलोवर सलग २० रेप निघतात.

आराखडा असा: स्क्वॉट १० × १० साठ किलोवर, मग लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं) १० × १०, मग डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून उभं राहणं) १० × १०. दोन सेटमध्ये ९० सेकंद. आठवड्यातून दोनदा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ६० किलो बरोबर आहे की अजून खाली यायचं? सहाव्या-सातव्या सेटला रेप पडायला लागल्या तर प्लेट उतरवायच्या का? आणि एका दिवसात तीनशे रेप झेपतात का?

रॉडवाला | सोमवार, रात्री ९.३४

तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. आणि मूळ पद्धतीत तसं सांगितलेलंही नाही. एका दिवसात दोनच व्यायाम दहा सेटचे, तेही एकमेकांच्या उलट बाजूचे. पायांना स्क्वॉट आणि लेग कर्ल (मशीनवर वजनासह गुडघे वाकवणं). म्हणजे मांडीची पुढची बाजू काम करते तेव्हा मागची विसावते. त्यानंतर पोटाचं आणि पोटरीचं काहीतरी हलकं, तीन-तीन सेट, संपलं.

तुमच्या आराखड्यात तिन्ही व्यायाम एकाच कंबरेवर आणि त्याच मांड्यांवर येतात. स्क्वॉटचे शंभर रेप झाले की कंबरेचे लांब स्नायू थकलेले असतात. त्यावर डेडलिफ्टचे शंभर म्हणजे पाठ गोल करून वजन उचलण्याचा सराव. डेडलिफ्ट या पद्धतीतून काढूनच टाका.

पाढे_पाठ | सोमवार, रात्री ९.४१

दहा दाहे शंभर पाढ्यात सोपं, मांडीत अवघड. :)

मुळशीकर | सोमवार, रात्री १०.०५

वजनाबद्दल. नियम दोन प्रकारे सांगतात: एका रेपच्या कमाल वजनाच्या ६० टक्के, किंवा ताज्या अंगाने २० रेप निघतात ते वजन. तुमच्या बाबतीत दोन्ही ६० वरच येतात, त्यामुळे कागदावर हिशेब जुळतो. पण खरा प्रश्न ते २० रेप कोणत्या चालीने निघाले हा आहे. या पद्धतीत चाल ठरलेली असते, ४-०-२-०: खाली जायला चार सेकंद, खाली थांबा नाही, वर यायला दोन सेकंद, वर थांबा नाही. एक रेप सहा सेकंदांची, एक सेट साठ सेकंदांचा.

बहुतेकांची २० रेपची मोजणी दोन सेकंदांच्या रेपवर झालेली असते, आणि मध्ये उभं राहून दोन-तीन श्वास घेतलेले असतात. तसं असेल तर चार सेकंदांच्या चालीवर ६० किलो तुम्हाला चौथ्या सेटलाच बसवेल. पहिल्या दिवशी ५० ने सुरू करा. पहिला आणि दुसरा सेट 'हे काय, फारच हलकं आहे' असा वाटला पाहिजे. तसा वाटला नाही तर वजन जास्त आहे.

वेळही मांडून ठेवा. स्क्वॉटचा सेट ६० सेकंद, ९० विश्रांती, लेग कर्लचा सेट ६०, पुन्हा ९०. ही एक फेरी पाच मिनिटांची, दहा फेऱ्या पन्नास मिनिटांच्या. वॉर्मअप धरून सव्वा तास.

अनघा_पु | सोमवार, रात्री १०.२०

मुळशीकर, चार सेकंद मोजायचे कसे? दमल्यावर मनातला आकडा पळतो आणि चौथ्या सेटपासून चार सेकंदांचे दोन होतात.

मुळशीकर | सोमवार, रात्री १०.३१

अनघाताई, अगदी बरोबर, सगळ्यात आधी हेच बिघडतं. फोनवर मेट्रोनोमचं अ‍ॅप घ्या, मिनिटाला ६० ठोके लावा. चार ठोके खाली, दोन ठोके वर. एका कानात लावलं तरी चालतं. विश्रांतीसाठी वेगळा टायमर, आणि तो रॉड रॅकवर टेकला त्या क्षणी सुरू करायचा, पाणी पिऊन झाल्यावर नाही. ९० चे १५० झाले की तो वेगळाच व्यायाम होतो. मग 'सगळे सेट पूर्ण झाले' याला अर्थ राहत नाही, कारण पुढच्या वेळच्या वजनाचा निर्णय त्याच नोंदीवर घ्यायचा असतो.

खडूपावडर | सोमवार, रात्री ११.०२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्लेट उतरवायच्या नाहीत, वजन तेच ठेवायचं. पडतील तितक्या रेप पडू द्यायच्या आणि वहीत लिहायच्या. १०, १०, १०, १०, ९, ८, ८, ७, ७, ६ अशी ओळ आली तर पुढच्या वेळी तेच वजन. दहाच्या दहा सेटमध्ये दहा रेप पूर्ण झाल्या, तेव्हाच ४ ते ५ टक्के वाढवायचं. ६० वर ते अडीच-तीन किलो होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एक-एक प्लेट. अनेक जिममध्ये अडीचपेक्षा लहान प्लेट नसते. सव्वाची जोडी स्वतःची घेऊन बॅगेत ठेवावी, फार खर्च नाही.

रेप पडल्या म्हणजे अपयशापर्यंत ताणायचं असं मात्र नाही. पुढची रेप अर्ध्यात अडकणार हे कळलं की सेट थांबवायचा. सहाव्या सेटला एकदा अडकून उठलात, तर सात ते दहा हे चारही सेट खराब जातात. एका रेपसाठी पंधरा रेप घालवल्यासारखं होतं.

रॉडवाला | मंगळवार, सकाळी ६.५०

आणखी एक, जे कुणी तपासत नाही. रॉडचं वजन. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममधले बारीक रॉड आठ, दहा, बारा असे काहीही असतात. घरगुती वजनकाट्यावर रॉड हातात घेऊन उभे राहा, मग नुसते उभे राहा, फरक काढा. '६० किलो' म्हणून जे उचलत होतो ते ५० निघालं, तर ६० टक्क्यांचा सगळा हिशेबच चुकलेला असतो.

तालीमप्रेमी | मंगळवार, सकाळी ७.४५

हे सगळं नवीन म्हणून सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत शेकड्यांनी जोर आणि बैठका हा रोजचा मेहनतीचा भाग आहे. शंभर बैठकांना तिथे कुणी 'प्रोग्रॅम' म्हणत नाही.

मुळशीकर | मंगळवार, सकाळी ८.२०

तालीमप्रेमी, मेहनतीचं मोल कुणी नाकारत नाही. पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत अंगाचंच वजन असतं, टाचा उचलल्या जातात, खालच्या टप्प्यात उसळी असते आणि लय वेगवान असते. त्यातून दम, गुडघ्याभोवतालची चिवटपणाची ताकद आणि मांडीची सहनशक्ती येते. इथे पाठीवर ५०-६० किलो आहे आणि उतरताना चार सेकंद ब्रेक लावायचा आहे. स्नायू लांबत असताना भार पेलणं, त्याचे शंभर प्रसंग. स्नायूतंतूंची झीज त्यातून जास्त होते, आणि अंगही त्यानेच जास्त आंबतं.

तालमीतून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे वाढवण्याचा क्रम. नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका कुणी वस्ताद मारायला लावत नाही. महिनोन् महिने थोड्या थोड्या चढवतात. जिममध्ये हेच विसरलं जातं आणि लोक थेट दहा सेटवर उडी मारतात.

तालीमप्रेमी | मंगळवार, सकाळी ८.३३

हे मान्य. क्रम महत्त्वाचा.

नेवार्ककर | मंगळवार, सकाळी ९.१५

थोडा इतिहास, कारण त्यातून पद्धतीचा हेतू कळतो. १९७० च्या दशकातले जर्मन वेटलिफ्टिंग प्रशिक्षक रोल्फ फेझर यांच्याशी हिचं नाव जोडलं जातं. स्पर्धा नसलेल्या हंगामात लिफ्टरच्या अंगावर मांस चढवायचं, एवढाच उद्देश. कॅनडाचा जाक देमेर, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ७५ किलो गटात रौप्य, त्याच्या मांड्यांच्या संदर्भात या पद्धतीचा उल्लेख नेहमी येतो. पुढे चार्ल्स पोलिक्विन या कॅनेडियन प्रशिक्षकाने १९९० च्या दशकात ती जगभर लोकप्रिय केली.

म्हणजे ज्यांच्यासाठी ही बनली ते वर्षानुवर्षं स्क्वॉट करणारे होते, आणि तेही वर्षभर नाही, ठरावीक आठवडेच ही करत.

पाढे_पाठ | मंगळवार, सकाळी ९.४०

मग लिफ्टर लोक स्नॅचचेही १० × १० मारतात का?

खडूपावडर | मंगळवार, सकाळी १०.१०

नाही. स्नॅच (रॉड एका दमात डोक्यावर) आणि क्लीन-जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) हे कौशल्याचे प्रकार. पाच-सहा रेपनंतर पकड सुटते, रॉडचा मार्ग पुढे जातो आणि चुकीची हालचाल अंगवळणी पडते. त्यामुळे तिथे सेटमागे एक ते तीन रेप. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेतलं, त्यात स्नॅच ११३ आणि क्लीन-जर्क १३५. त्या खेळात कस एका रेपचा लागतो. जास्त रेप स्क्वॉट, रोइंग अशा पूरक व्यायामांतच, तिथेच त्या शोभतात.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १.०५

मला मुळातच दहा सेटची गरज पटत नाही. २०१७ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच पद्धत थोडी बदलून तपासली. १९ तरुण, सहा आठवडे, एका गटाला मुख्य व्यायामांचे दहा सेट, दुसऱ्याला पाच. दहावाल्यांना जास्त फायदा झाला नाही. बेंच प्रेसची ताकद तर पाचवाल्यांची जास्त वाढली. अर्ध्या वेळात तेच मिळत असेल तर उरलेले पाच सेट कशासाठी?

रॉडवाला | मंगळवार, दुपारी २.३०

अभ्यास छोटा आहे, दोन गटांत मिळून १९ जण. पण दिशा पटण्यासारखी आहे. दहापैकी शेवटच्या तीन-चार सेटमध्ये चाल ढिली पडते, खोली कमी होते, रेप पडतात. म्हणजे कागदावर शंभर, पण दर्जेदार साठ-सत्तरच.

तरी दहा सेटना एक उपयोग आहे जो मोजपट्टीवर येत नाही: विश्रांती, श्वास, चाल, खोली या चारही गोष्टी दमलेल्या अंगाने सांभाळायची शिस्त. त्यासाठी चार आठवडे कुणाला करावंसं वाटलं तर चूक नाही. कायमची पद्धत म्हणून मात्र तुमच्या बाजूने.

डॉ_सातपुडा | मंगळवार, रात्री ९.५०

इथे एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

सवय नसताना एकाच स्नायूला एकदम प्रचंड काम दिलं की ऱ्हॅब्डोमायोलिसिस होऊ शकतो. स्नायूपेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर भार येतो. त्याचबरोबर पोटॅशियम वाढतं, त्याचा धोका हृदयाच्या ठोक्यांना. नेहमीचं अंग आंबणं आणि हे यातला फरक ओळखा. आंबलेली मांडी दुखते पण हलते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. इथे एक ते तीन दिवसांत मांड्या टणक सुजतात, गुडघा वाकवता येत नाही, दुखणं वाढत जातं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. तसं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. रक्तात सीके (फुटलेल्या स्नायूंतून येणारं एन्झाइम) तपासतात. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त असेल तर निदानाकडे कल जातो. उपचार मुख्यतः शिरेतून भरपूर द्रव, आणि लवकर सुरू झाला तर मूत्रपिंड वाचतं.

अशा वेळी दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. ताण आलेल्या मूत्रपिंडाला ती औषधं आणखी त्रास देतात.

कुणी जास्त सांभाळायचं? कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणारे. तापातून नुकते उठलेले. महिनाभर जिम बंद ठेवून परत आलेले, कारण मनाला जुने आकडे आठवतात पण स्नायूंची सवय मोडलेली असते. आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक. विदर्भात, नंदुरबारकडे आणि एकूणच सातपुड्याच्या पट्ट्यात हे प्रमाण लक्षात घेण्याजोगं आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना माहीतही नसतं. पण उन्हाळ्यात, पाणी कमी पडलेलं असताना, विश्रांती कापून केलेल्या श्रमात त्याला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. साध्या रक्ततपासणीत कळतं. अशांनी व्यायाम सोडायचा नाही, फक्त विश्रांती पूर्ण घ्यायची, हळूहळू वाढवायचं आणि हा ९० सेकंदांचा हट्ट धरायचा नाही.

अनघा_पु | मंगळवार, रात्री १०.१५

डॉक्टर, मनापासून आभार. हे प्रत्येक जिमच्या भिंतीवर लागायला हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये काय करायचं? पंखा असतो, पण वारा गरमच.

डॉ_सातपुडा | मंगळवार, रात्री १०.४०

सकाळी लवकर करा, हे पहिलं. आधीच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी, मध्ये घोट-घोट. घामाने कपडे निथळत असतील तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं पाकीट, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा. मिठाचं माप अंदाजाने नको. आणि गरगरलं, अंगावर काटा आला किंवा घाम अचानक थांबला तर तो दिवस तिथेच संपवायचा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून दहा रेप मारू नयेत. प्रत्येक रेपला वर येताना सोडावा.

खडूपावडर | मंगळवार, रात्री ११.००

श्वासावरून: चार सेकंद उतरताना नाकाने हळूहळू घेत गेलात तर खाली पोहोचेपर्यंत धड सैल पडतं. वर उभं असताना पोटात श्वास भरा, पोट सगळ्या बाजूंनी ताठ करा, मग उतरा. अर्ध्याच्या वर आल्यावर सोडा. बेल्ट पहिल्या पाच सेटना नको. नंतर लावलात तरी बेल्टवर पोट दाबायचं, बेल्टने पोट आवळायचं नाही.

सेट संपल्यावर लगेच बसू नका. मांड्यांत रक्त साठलेलं असतं, एकदम थांबलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. वीस-तीस पावलं चाला.

उपवास_आणि_उठाबशा | बुधवार, सकाळी ७.१०

खाण्यावर कुणीच बोलत नाही! शाकाहारी माणसाने १० × १० करताना काय खायचं?

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८.००

प्रथिनं शरीराच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम. ७२ किलोला ११५ च्या आसपास. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम कोरड्या म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनं, पनीर १०० ग्रॅममध्ये १८-२०, अर्धा लिटर दूध १६, शेंगदाणे ५० ग्रॅम म्हणजे १२-१३. वरण-भात, पोळी, उसळ यांतून उरलेलं येतं. चालत असेल तर एका अंड्यात ६.

साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याची प्रथिनं जवळजवळ शून्य, जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून श्रावणात किंवा नवरात्रात उपवास धरणाऱ्यांनी ही पद्धत तेव्हा सुरूच करू नये. आणि भाताला घाबरू नका. दहा सेट पिष्टावर चालतात. अडीच-तीन तास आधी व्यवस्थित जेवण, तूप-तळण कमी. एक तास आधी जड जेवलात तर सहाव्या सेटला मळमळेल.

अनघा_पु | बुधवार, सकाळी ९.२५

वरच्या अंगाचं काय? मूळ पद्धतीत चिनअप (बारला लटकून हनुवटी वर नेणं) १० × १० आहेत. सलग शंभर चिनअप तर फार थोड्यांना जमतील.

रॉडवाला | बुधवार, सकाळी ९.५०

त्याऐवजी लॅट पुलडाउन (मशीनची दांडी वरून छातीकडे ओढणं). कारण तेच: पहिला सेट हलका वाटला पाहिजे, आणि ज्याच्या एकूण दहाच चिनअप निघतात त्याला पहिलाच सेट शेवटचा. डंबेल प्रेसमध्ये वेगळी अडचण आहे. बहुतेक जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोने वाढतात. १५ चं साडेसतरा म्हणजे एकदम १७ टक्के, आणि हवे आहेत पाच. म्हणून दाबण्याच्या व्यायामाला रॉड घ्यावा. पॅरलल बारवर डिप्स (हातांवर अंग खाली-वर करणं) असतील आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल तर दंड जमिनीला समांतर झाला की थांबा, त्याखाली जाऊ नका.

संध्याकाळी सहा ते आठ गर्दीत रॅक आणि लेग कर्ल मशीन दोन्ही पन्नास मिनिटं अडवून ठेवणं बरोबर नाही. तेवढ्या वेळात चार जणांचा व्यायाम होतो. दुपारची किंवा पहाटेची वेळ धरा.

लोखंडाचे_चणे | बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार, आराखडा पार बदलला. आता असा: पहिले दोन आठवडे स्क्वॉट आणि लेग कर्ल आलटून-पालटून, पाच-पाच सेट, स्क्वॉटला ५० किलो, ४-०-२-० ठोक्यावर. तिसऱ्या आठवड्यात सात सेट, चौथ्यात दहा. डेडलिफ्ट आणि लेग प्रेस बाद. पायांचा दिवस आठवड्यातून एकदा की दोनदा, एवढंच ठरत नाहीये.

मुळशीकर | बुधवार, रात्री ९.४५

छान मांडलंय. मूळ चक्र पाच दिवसांचं आहे: पहिला दिवस छाती-पाठ, दुसरा पाय, तिसरा सुट्टी, चौथा हात-खांदे, पाचवा सुट्टी. म्हणजे पाय दर पाच दिवसांनी. पाच सेट असताना आठवड्यातून दोनदा चालेल, सातपासून पाच दिवसांचं अंतर ठेवा. कसोटी सोपी: वॉर्मअपला २० किलोचा नुसता रॉड घेऊन पूर्ण खाली बसताना मांडी अजून ओढत असेल, तर आणखी एक दिवस थांबा. मग ४० वर पाच, आणि थेट ५०.

दहा सेटवर पोहोचलात की सहा चक्रं, म्हणजे तीस दिवस. त्यानंतर तीन आठवडे चार-सहा सेट, सहा ते आठ रेप, वजन जास्त.

खडूपावडर | बुधवार, रात्री १०.०५

रॅकच्या सेफ्टी पिना पहिल्या सेटच्या आधीच लावा. रिकामा रॉड घेऊन तुमच्या पूर्ण खोलीपर्यंत बसा, पिन रॉडच्या दोन बोटं खाली. उंच लावल्या तर प्रत्येक रेपला ठणठण आपटेल आणि चाल मोडेल, फार खाली लावल्या तर अडकल्यावर उपयोग नाही. आणि आठव्या सेटला गुडघे आत यायला लागले, की पुढचा सेट एक बोट रुंद पायांनी करून बघा. तरी येत असतील तर त्या दिवशी आठच लिहा.

लोखंडाचे_चणे | बुधवार, रात्री १०.१२

वहीत लिहून घेतलं. शनिवारी पहाटे साडेपाचला रॅक रिकामा असतो. पाच सेटची ओळ इथेच टाकतो.